ठिपक्यांचं कॉलेज

मी बी.ए.ला इंग्रजी घेतलं ते भाषेच्या प्रेमापोटी नव्हे. इंजिनिअरिंगला मार्क कमी पडले, मेडिकलचं नाव काढायचं धाडस घरात कुणाला झालं नाही, आणि कॉमर्सची पुस्तकं पोस्टात हरवतात असं कुणीतरी अब्बांना सांगितलं होतं. रियाधमध्ये आमच्यासारख्यांच्या पोरांना कॉलेज नव्हतं. बारावीपर्यंत भारतीय शाळा, आणि पुढे ऐपत असेल तर मुलगा मुंबईला, नसेल तर घरी बसून टपालाने पदवी. मुलींच्या बाबतीत ऐपतीचा प्रश्नच यायचा नाही. त्यांना एकट्यानं कुठे पाठवायचं नाही हे ठरलेलं असे. म्हणून माझी थोरली बहीण रुखसाना, म्हणजे आमची आपा, शाळेत सगळ्यात हुशार असूनही माझ्याच रांगेत येऊन बसली होती. फरक एवढाच की ती तिसऱ्या वर्षाला होती आणि खरोखर अभ्यास करायची. पदवी हातात आली की भारतीय शाळेत शिक्षिका म्हणून घेऊ, असं तिथल्या बाईंनी तिला कबूल केलं होतं. आमच्या घराण्यात पगार घरी आणणारी ती पहिली बाई ठरणार होती. त्या पगाराचं काय करायचं याच्यावर अम्मी आणि आपा भांडूनसुद्धा झाल्या होत्या.

आम्ही बत्ह्याच्या बाजारामागच्या गल्लीत तिसऱ्या मजल्यावर राहायचो. खिडकीतला एसी घाटात दमलेल्या एसटीसारखा घरघरायचा, आणि त्या आवाजाच्या वरताण अम्मीच्या भाकऱ्यांची थापथाप चालायची. तांदळाचं पीठ गावाहून येणाऱ्याच्या बॅगेतून यायचं, सुकट येताना विमानतळावर पकडली जायची, आणि तरीही आमच्या जिन्यात कायम सुकटीचा वास असायचा. ती कुठून यायची हे मला आजतागायत कळलेलं नाही. अब्बा एका बांधकाम कंपनीत पर्सोनेल खात्यात होते. कुणाचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, कधी संपतो, कुणाची सुट्टी कधी लागते, कुणाला परतीचा व्हिसा हवा, हे सगळं त्यांच्या डोक्यात. जेवताना मधेच घास थांबवून म्हणायचे, "त्या दाभोळवाल्याचा इकामा संपला की गो!" आणि अम्मी म्हणायची, "त्याचा संपूदे, तुमचा भात संपवा आधी." दुसऱ्यांच्या मुदती सांभाळणाऱ्या या माणसाला आपल्या खुर्चीची मुदत कुणी सांगितली नव्हती. त्या वर्षांत सौदायझेशन, म्हणजे परक्यांना काढून त्यांच्या जागी सौदी माणसं घेणं, हा शब्द सगळ्यांच्या तोंडी होता. भाजीबाजारातून माणसं गेली, सोन्याच्या दुकानांतून गेली, आता हापिसांची पाळी आहे असं सगळे म्हणायचे, आणि प्रत्येकाला वाटायचं की शेजारच्या टेबलापर्यंत येऊन ते थांबेल. अब्बांच्या खात्यात एक सौदी पदवीधर आला होता. अब्बा त्याला मन लावून काम शिकवत होते. "पोरगा हुशार आहे," असं घरी येऊन कौतुकानं सांगायचे. आपण कशाचं कौतुक करतोय हे न कळण्याची कला माझ्याकडे कुठून आली, याचा शोध मला लांब घ्यावा लागला नाही.

तर माझा अभ्यास. पहिल्या वर्षाला भाषाशास्त्राचा एक पेपर होता आणि त्यासाठी एक प्रकल्प लिहून भारतात पाठवायचा होता. विषय, 'एखाद्या डिस्कोर्स कम्युनिटीचा अभ्यास करा.' सोबतच्या पुस्तकात समजावलं होतं ते असं की ज्यांचे हेतू एक असतात, ज्यांची आपसात बोलण्याची एक ठरीव रीत असते, खुणा असतात, नव्या माणसाला त्या शिकाव्या लागतात आणि शिकल्याशिवाय कुणी त्याला आपलं म्हणत नाही, असा गट. उदाहरणं वकिलांची आणि तिकिटं जमवणाऱ्यांची होती. मला वकील कुठून मिळणार? पण दर गुरुवारी संध्याकाळी आपाला मी गाडीने निलोफरच्या घरी सोडायला जायचो, आणि तिला परत आणेपर्यंत तिथल्या पुरुषांच्या बैठकीत एकटाच लोळत पडायचो. पलीकडच्या खोलीत मुलींचं 'कॉलेज' भरायचं. दोन खोल्यांच्या मध्ये एक सरकतं प्लायवुडचं दार होतं. मला समोर आलेला ढीगभर मसाला दिसला आणि मी उठून बसलो.

हे कॉलेज म्हणजे टपालाने शिकणाऱ्या पाच-सहा मुली. निलोफर त्यांची पुढारी. महाडकडची, गोरी, आवाज मऊ, आणि त्या मऊ आवाजात ती असं काही बोलायची की समोरचीला घरी जाऊन रात्री लागायचं. तिचे वडील अब्बांच्याच कंपनीत अकाउंट्समध्ये मोठ्या हुद्द्यावर होते. तिची एक मावशी अमेरिकेत होती आणि तिकडे कॉलेजातल्या मुलींची स्वतंत्र घरं असतात, दारावर ग्रीक अक्षरं असतात, आत शिरायला परीक्षा असते, हे तिने मावशीकडून ऐकलं होतं. ग्रीक अक्षरं आम्हाला कुठली? मग यांनी अरबीतलं नून, म्हणजे 'न', घेतलं. एक वाटी आणि तिच्यावर एक ठिपका. सहीच्या जागी वाटी आणि ठिपका, पुस्तकाच्या कोपऱ्यात वाटी आणि ठिपका. सुप्रिया नावाची सांगलीची एक मुलगी होती, तिची आई सरकारी दवाखान्यात नर्स. तिला अरबी वाचता येत नव्हतं, पण वाटी काढायला कुठे अरबी लागतं?

मी रीतसर परवानगी मागितली. दाराआडून. निलोफर म्हणाली, "मुनीरभाई, आमच्यावर लिहिणार? लिहा की. पण पाठवायच्या आधी आम्हाला वाचून दाखवायचं. इथेच, दाराच्या त्या बाजूला बसून." मी लगेच कबूल झालो. आयुष्यात पहिल्यांदाच कुणाला मला ऐकायचं होतं.

मग मी आठवड्यामागून आठवडे कान लावून बसलो. आत चहाचे कप वाजायचे, समोसे फुटायचे, वाटर-कूलर गुडगुडायचा, आणि अभ्यास सोडून सगळं चालायचं. मी शिकलो ते असं. नवी मुलगी आली की तिने घरून काहीतरी करून आणायचं. सगळ्यांनी ते खायचं आणि संध्याकाळभर त्याबद्दल एक अक्षर काढायचं नाही. नवीने "कसं झालंय?" असं विचारलं की ती नापास, मग तिने महिनाभर कूलरजवळ बसून सगळ्यांचे ग्लास भरायचे. सुप्रिया पास झाली, कारण तिने आणलेले लाडू तिने एकटीनेच अर्धे संपवले. कौसर नावाची एक भोळी मुलगी होती, वडिलांच्या बदलीमुळे हुफूफहून आलेली. तिने खजुराचा हलवा आणला, आणि पुनःपुन्हा विचारलं. "कमी गोड झाला का? सांगा ना. आवडला नाही का?" शेवटी रडायला आली, तेव्हा आमची आपा म्हणाली, "कौसर, ग्लास रिकामा आहे गं माझा." आत जो हशा पिकला त्यात मीही दाराच्या अलीकडे उशीत तोंड खुपसून हसलो. संशोधकानं हसू नये असं पुस्तकात कुठे लिहिलं नव्हतं.

आणि ठिपके. हा माझ्या प्रबंधाचा कळस होता, म्हणून जरा सावकाश सांगतो. या मुलींना नेलपॉलिशचं वेड होतं, पण नखाला लावलं की नमाजाआधी हातपाय धुण्याचा वजू होत नाही, नमाज होत नाही, म्हणून आयांची सक्त बंदी. तरी बत्ह्यात रंगीत बाटल्या मांडलेल्या दिसल्या की हात शिवशिवायचे. बाटल्या घरोघर आल्या आणि तशाच पडून राहिल्या. एकटी सुप्रिया नखांना लावायची आणि बाकीच्या तिचा हात हातात घेऊन बघत बसायच्या. मग त्या रंगांना त्यांनीच काम शोधून काढलं. आमच्याकडे कुणाला एक्झिट लागली, म्हणजे कंपनीने कायमचं घरी पाठवायचं ठरवलं, की त्या घरातलं सामान इथेच राहायचं. फ्रीज, पलंग, कुकर कोण विमानातून नेणार? ओळखीपाळखीत वाटून जायचं. कुठल्या मुलीच्या वडिलांना एक्झिट लागणार याची कुणकुण लागली की कॉलेजातल्या मुली तिच्या घरी जाऊन आपल्याला हव्या त्या वस्तूला खालून, दिसणार नाही असा, आपल्या रंगाचा ठिपका लावून यायच्या. जिचा ठिपका पहिला, तिची वस्तू. निलोफरचा मरून, सुप्रियाचा गुलाबी, आपाचा फिरोजी.

पण खरी गंमत पुढेच होती. त्या मुलीला कुणी काही सांगायचं नाही. तिने तो ठिपका आपल्या हाताने शोधायचा. केर काढताना, पलंग सरकवताना. ती गुरुवारी येऊन बसली की सगळ्यांनी नुसतं तिच्या तोंडाकडे बघायचं, सापडला का अजून नाही. कौसरच्या वडिलांना एक्झिट लागली त्या वेळी तीन गुरुवार गेले. तिसऱ्या गुरुवारी ती आली आणि काही न बोलता कूलरजवळ जाऊन बसली, आणि आत कुणीतरी टाळी दिली. "सांगायचं नाही, सापडू द्यायचं" हा नियम आमच्या आपाने काढलेला होता, आणि निलोफर तिला त्याबद्दल फार मानायची. कौसरकडचं पायाने चालवायचं शिलाई मशीन आमच्याकडे आलं. उलटं केलं तर खाली फिरोजी ठिपका, आणि त्याच्या शेजारी एक जांभळा, एक केशरी, त्याआधीच्या कुठल्या मुलींचे. आपा त्याच्यावर अम्मीचे गाऊन शिवायची आणि टेकून अभ्यास करायची. पुस्तक मशीनच्या पाटीवर, पाय खालच्या पायट्यावर उगाच हलत असलेले. परीक्षा जवळ आली तसं ते मशीन रिकामंच खडखडत राहायचं.

मध्ये एक गुरुवार निलोफरच्या घरी रंगकाम निघालं म्हणून कॉलेज आमच्याकडे भरलं. अम्मीने सांदणं केली. त्यांच्या नियमाप्रमाणे कुणी चांगली म्हटली नाहीत, आणि अम्मी रात्रभर विचारत राहिली, "गूळ कमी पडला का गो?"

यानंतर मी प्रबंध लिहायला बसलो. उदाहरणं हवीत म्हणून घरातल्या वस्तू उलट्या करून पाहिल्या. मशीनखाली आपाच्या फिरोजीशेजारी ताजा मरून. फ्रीजरच्या मागे गुलाबी. अम्मीच्या मोठ्या कुकरच्या बुडाला, जिथे जाळ लागून तो जळणार हे कुणाही शहाण्याला कळलं असतं, तिथेही गुलाबी. आता कुणीही माणूस इथे थांबला असता. कौसरची सगळी हकीकत मीच लिहून काढली होती, शाई वाळली नव्हती. पण डोक्यात विद्वत्ता शिरली की तिथे दुसऱ्या कशाला जागा उरत नाही. मी विचार केला, आमच्या घरी तर कुणाला एक्झिट लागलेली नाही. म्हणजे या ठिपक्याचा आणखी एक अर्थ आहे, आणि तो फक्त मला सापडलाय. मी एक नवं कलम लिहिलं. समुदायातल्या जुन्या मैत्रिणी एकमेकींच्या वस्तूंवर प्रेमाची खूण म्हणून ठिपके लावतात. त्याला मी 'स्नेहचिन्ह' असं नावही दिलं. आज हे लिहिताना माझ्या गुडघ्यापेक्षा तो शब्द जास्त दुखतो.

पुढच्या गुरुवारी मी वाचायला बसलो. दाराच्या या बाजूला मी, घसा साफ करून, पुढ्यात पाण्याचा ग्लास. त्या बाजूला कॉलेज. मी हलव्याचं वाचलं, हशा. आपाचं "ग्लास रिकामा आहे गं" वाचलं, टाळ्या. सुप्रिया ओरडली, "मुनीरभाई, लाडू अर्धे नव्हते, पाऊण होते!" माझा आवाज चढला. ठिपक्यांवर आलो तेव्हा आत खुसखुस झाली, आणि मी ती कौतुकाची समजलो.

"परंतु," मी वाचलं, "ठिपका हा केवळ निरोपाचाच असतो असे नाही. उदाहरणार्थ, खुद्द संशोधकाच्या घरी, जिथे असे कोणतेही कारण नाही, तिथेही जुन्या मैत्रिणींची अशी स्नेहचिन्हे आढळतात."

आत कुणीतरी कप खाली ठेवला. कूलर गुडगुडला.

मग आपाचा आवाज आला. शांत, शाळेत हजेरी घ्यावी तसा. "कशावर, मुनीर?"

मला वाटलं, विचारतायत म्हणजे पुरावा हवाय. मी कागद चाळला. "मशीनवर, फ्रीजरवर आणि मोठ्या कुकरवर."

"रंग?"

"मशीनला मरून. बाकी दोन्हीला गुलाबी." आणि मी, अल्लाह मला माफ करो, पुढे जोडलं, "ताजे आहेत."

मग निलोफर तिच्या त्या मऊ आवाजात म्हणाली, "बघ ना रुखसाना, आम्ही किती दिवस तुझ्या तोंडाकडे बघतोय. तुला सापडायचं, ते भावाला सापडलं. हे नियमात बसतं का गं? नियम तुझा, तूच सांग."

सुप्रिया म्हणाली, "जाऊ दे गं निलू."

"का जाऊ दे? आणि तू कुकर कशाला धरलास? तो जुना आहे."

"मम्मीनं सांगितलं होतं. मोठा आहे म्हणून."

आणि त्या दोघी कुकरवरून बोलू लागल्या. रबर नवं लागेल का, शिट्टी मिळते का. आपा तिथेच बसलेली होती. मी दाराच्या अलीकडे हातात प्रबंध धरून उभा राहिलो आणि हळूहळू, अगदी हळूहळू, माझ्या डोक्यात उजेड पडला.

गाडीत आपा मागच्या सीटवर होती. बत्ह्याच्या पुलाखाली दुकानांची शटरं नमाजासाठी धडाधड खाली येत होती. मी म्हटलं, "आपा, निलोफर खोटं बोलत असेल." ती म्हणाली, "ती कशीही असेल, ठिपका कधी खोटा लावत नाही."

घरी येऊन तिने बुरखाही न काढता मशीन आडवं केलं. अब्बा जेवत होते. अम्मी म्हणाली, "हे काय गो, तेल सांडेल." आपाने मरून ठिपक्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "अब्बा, तारीख कधीची आहे?"

अब्बांचा घास थांबला, पण यावेळी त्यांना कुणा दाभोळवाल्याचा इकामा आठवला नव्हता. "तुला कुणी सांगितलं?"

"नेलपॉलिशनं."

अब्बांना ते कळलं नाही. त्यांनी एवढंच सांगितलं की मी ती तारीख तुझ्या परीक्षेच्या पुढे ढकलायला सांगितलीय, निलोफरच्या वडिलांकडे शब्द टाकलाय, ते आपले माणूस आहेत, कुणाला बोलणार नाहीत. आपा हसली. कौसरला हसली होती तेच हसू. प्लायवुडच्या दाराआडून मी ते किती वेळा ऐकलं होतं, पण तोंडावर कसं दिसतं ते तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. अम्मीने ताट उचललं आणि आत जाऊन नळ मोठा सोडला.

तारीख पुढे गेली नाही. अब्बांनी ज्याला शिकवलं होतं तो पोरगा शेवटच्या दिवशी खजुराचा मोठा डबा घेऊन आला आणि अब्बांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडला. त्याच्यावर राग धरावा एवढंही सुख आम्हाला मिळालं नाही. आपाची परीक्षा आम्ही गावी पोचल्यावर तिथे रियाधला झाली. पुढल्या वर्षी मुंबईला बस, असं सगळे म्हणाले. पुढल्या वर्षी तिचं लग्न झालं. माझा प्रबंध मात्र वेळेवर पोचला होता. खाली लाल शाईत शेरा होता, 'संशोधकाने समुदायाशी अधिक जवळीक साधायला हवी होती.'

निघायच्या आधीचा शेवटचा गुरुवार सांगायचा राहिला. सामान उचलायला मुली आल्या तेव्हा आपाने प्रत्येकीला तिच्या रंगाची वस्तू हसतमुखाने दिली. मशीनला तेलसुद्धा घालून दिलं. मग मला म्हणाली, "चल, निलोफरकडे सोड. निरोप घ्यायचाय." मी बैठकीत बसलो. दार पुरतं लागलं नव्हतं, आणि फटीतून स्वयंपाकघराचा कोपरा दिसत होता. तिथे त्यांचा नवा दोन दरवाजांचा फ्रीज होता, पांढराशुभ्र. निलोफरची आई आपाला सरबत देत होती. आपाने पर्समधून फिरोजी बाटली काढली, झाकण फिरवलं, आणि फ्रीजच्या खाली नाही, मागे नाही, तर समोर, डोळ्यांच्या उंचीवर, सगळ्यांदेखत एक ठिपका दिला. नीट गोल, सावकाश.

"हे काय?" निलोफर म्हणाली.

"माझी खूण," आपा म्हणाली. "घाई नाही गं." आणि बाटली तिथेच ओट्यावर ठेवून, सरबत पूर्ण पिऊन, ग्लास स्वतः धुऊन ती बाहेर आली.

पुष्कळ वर्षांनी खेडला एका लग्नात मला निलोफर भेटली. मीच ओळखलं नाही, आवाजावरून कळलं. आता चष्मा, दोन सुना. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाली, "तुमच्या आपाचा तो ठिपका काही निघाला नाही हो. आमच्या अम्मीनं थिनर लावलं तर फ्रीजचा रंगच गेला, पत्रा उघडा पडला. मग आमच्या अब्बांनाही एक्झिट लागून तिकडचं खलास होईपर्यंत दूध काढायला गेलं की तेवढंच दिसायचं. अब्बा तर फ्रीजकडे पाठ करून पाणी प्यायचे." मग म्हणाली, "तिला सांगा, फ्रीज तिकडेच राहिला. मशीनही."

मी चिपळूणला येताच आपाला सगळं साग्रसंगीत सांगितलं. मला वाटलं होतं तिला बरं वाटेल, किंवा वाईट वाटेल, काहीतरी वाटेल. ती नातीच्या फ्रॉकला हेम घालत होती. दोरा दातानं तोडून तिने विचारलं, "मशीनला कोणी लावला होता?"

"काय?"

"ठिपका रे. निलोफरच्या वेळी मशीनला पहिला ठिपका कुठल्या रंगाचा होता? आणि तिला किती दिवसांनी सापडला?"

हे काही मी निलोफरला विचारलं नव्हतं. तसं म्हणालो.

आपाने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "मुख्य तेच विचारायचं राहिलं," ती म्हणाली, आणि सुईत पुन्हा दोरा ओवायला लागली.